पेंढ्यावरच्या तीन गाई

पुण्यातल्या एका सरकारी गोठ्यात मी एकवीस वर्षं शेण काढलं. गाईंच्या खाण्यावर संशोधन करणारे एक साहेब तिथे होते. गाय काय खाते, किती शेण टाकते, किती दूध देते, सगळं तराजूवर घालायचे. गाईला नुसतं प्रेमाने कुरवाळताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

एका वर्षी त्यांनी सहा गाई प्रयोगाला घेतल्या. तिघींना नेहमीसारखी पेंड आणि हिरवा चारा. बाकीच्या तिघींना भाताचा पेंढा, युरियाचं पाणी शिंपडून, प्लास्टिकखाली झाकून तीन आठवडे मुरवलेला, आणि पेंड अगदी नावाला. एवढ्यावर गाय दुधाला टिकली तर गरिबाचा पेंडीचा खर्च वाचेल, असं त्यांचं म्हणणं. दर शनिवारी विचारायचे, "बाहेरचं काही खाद्य घालत नाही ना?"

"नाही साहेब."

आम्ही खोटं बोलत नव्हतो. दुपारी गोठ्याच्या सावलीत आम्ही गोठ्यातल्या बायका जेवायला बसायचो, शेतावरच्या बायकाही यायच्या. जेवायच्या आधी गाईला घास. पेंड खाऊन सुस्त बसलेल्या गाईला घास कोण घालणार? पेंढ्यावरच्या तिघी आमच्याकडे बघत राहायच्या, त्यांना द्यायचो. कुणाची अर्धी भाकरी, कुणाची अख्खी. शिवाय कुंपणापलीकडे वस्ती होती. शहरात गाय हाताशी कुठे मिळते? तिथल्या बायका सणाला, अमावास्येला, कुणाच्या श्राद्धाला पानावर वरण-भात-पोळी घेऊन यायच्या. घास म्हणजे खाद्य, हे आमच्यापैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही. खाद्य पोत्यात असतं.

तिघी बऱ्यापैकी दूध देत राहिल्या. साहेबांचा लेख छापून आला, तरी तिघी पेंढ्यावरच राहिल्या. मग मराठीत एका पानाचं पत्रक निघालं आणि गावोगाव वाटलं गेलं. एक मी माझ्या धाकट्या बहिणीला नेऊन दिलं. हिंजवडीच्या पुढे तिचं घर. तेव्हा तिकडे नुसती भातखाचरं होती. तिची एकच संकरित गाय, गाभण. डेअरीला घातलेल्या दुधावर घर चालायचं. पत्रक मीच वाचून दाखवलं, पेंढा मुरवायलाही मीच शिकवलं.

गाय व्याली आणि पंधरा दिवसांत खाली बसली. डॉक्टरने सलाईन लावलं. ती पुन्हा उठली नाही, गेली.

बहीण रडली नाही. म्हणाली, "आक्का, सायबाच्या गाई ह्येच खात्यात ना?"

"हेच."

"मग त्या कशा उभ्या हायेत?"

दुसऱ्या दिवशी दुपारी गोठ्यात डबा उघडला, भाकरी मोडली, तिघींपुढे गेले, आणि कळलं. बहीणही गाईला घास घालायचीच. पण तिच्या घरात घालणारा हात एकच होता.

नोकरी जाईल म्हणून दोन दिवस गप्प बसले. तिसऱ्या दिवशी साहेबांना घासाचं सांगितलं.

"किती बायका?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं.

"रोज?"

"रोज."

"अहो, मग वर्षभर दर शनिवारी मी काय विचारत होतो?"

"तुम्ही खाद्याचं विचारत होता, साहेब."

"आणि भाकरी काय, औषध?"

नोकरी गेली नाही. साहेबांनी कुंपणाला पत्रे ठोकले, आमचं जेवण लांबच्या झाडाखाली हलवलं आणि प्रयोग पहिल्यापासून केला. तिघींच्या फासळ्या दिसायला लागल्या, दूध आटत गेलं. साहेबांनी ते तसंच लिहून पाठवलं आणि पत्रक मागे घ्या म्हणाले. वरिष्ठांनी ऐकून घेतलं. "लोकांना आवडलंय ते, बघू," म्हणाले. दुरुस्तीचं पत्रक थोडं छापलं आणि ते कचेरीच्या कपाटात राहिलं. जुनं संपलं तेव्हा जुनंच पुन्हा छापलं.

मग साहेब रविवारी स्कूटरवर गावं फिरू लागले. माझ्या बहिणीकडेही आले. तिने चहा पुढे ठेवला. "कोराच हाय," म्हणाली. साहेबांनी तो पूर्ण प्यायला.

"चूक माझी झाली," ते म्हणाले.

"बरं," बहीण म्हणाली. "मग आता गाईचं काय?"

साहेबांनी कप खाली ठेवला आणि ते उठून गेले. स्कूटरचा आवाज लांब गेल्यावर बहीण मला म्हणाली, "मानूस वाईट न्हाई. पन त्येचा मला काय उपेग?" तिने पुन्हा गाय घेतली नाही. माझ्याकडेही ती पूर्वीसारखी येईना.

साहेब निवृत्त झाले तेव्हा कचेरीच्या अंगणात समारंभ झाला. मोठे अधिकारी आले. शेतकऱ्याच्या दारापर्यंत पोचलेलं संशोधन म्हणून त्यांनी नेमकं तेच पत्रक हातात धरून दाखवलं. साहेब बोलायला उभे राहिले. म्हणाले, "त्यात लिहिलेलं चूक आहे." लोक हसले. एवढा मोठा माणूस आणि किती विनय, असं माझ्या शेजारची बाई म्हणाली आणि टाळ्या वाजवू लागली.

चहाच्या वेळी मुळशीकडचा एक शेतकरी साहेबांच्या पाया पडला. इतकी वर्षं तुमच्याच पत्रकाप्रमाणे घालतोय, म्हणाला. साहेबांनी त्याला खुर्चीवर बसवलं आणि प्रयोगाच्या पहिल्या दिवसापासून सांगायला सुरुवात केली. सहा गाई, तीन गाई, घास, पत्रे. शेतकरी अदबीने मान डोलवत होता आणि मधूनमधून फाटकाकडे बघत होता. त्याची एसटी चुकत होती.