फौजदाराचा फॉलो-अप

माझ्या सासूबाईंनी उभी हयात दवाखान्यात नर्सची नोकरी केली आणि निवृत्त झाल्यावर कोंबड्या पाळल्या. त्यांच्या लेखी या दोन्हींत फारसा फरक नाही. सकाळी राउंड घ्यायचा, पाणी बदलायचं, कोण खातंय आणि कोण नुसतं चोच बुडवतंय ते बघायचं, भांडणं सोडवायची, आणि जो उगाच ओरडतो त्याच्याकडे सगळ्यात शेवटी जायचं. गल्लीत त्यांना अजूनही सगळे ‘सिस्टर’ म्हणतात. मीही मनातल्या मनात सिस्टरच म्हणतो, तोंडावर ‘आई’.

एका दुमजली घराच्या तळमजल्यावर दोन खोल्यांत त्या भाड्याने राहतात. मागे परस, परसात खुराडं आणि वर घरमालक. मी आणि त्यांची एकुलती एक मुलगी राहतो गावाच्या दुसऱ्या टोकाला, तिसऱ्या मजल्यावर. बायकोचं पालुपद ठरलेलं असायचं. “त्या कोंबड्यांपायी आई तिथे अडकून पडलीय. एकदा का कोंबड्या गेल्या, की आणलीच तिला आपल्याकडे.” हे ऐकलं की सासूबाईंना ठसका लागायचा. लेकीच्या घरात लेकीच्या वेळापत्रकाने उठाबस करण्यापेक्षा आपल्या घरात आपल्याला हवं तेव्हा उपाशी राहीन, असं त्या शेजारणीला सांगायच्या. लेकीला मात्र सांगायच्या, “अगं, पण यांच्याकडे कोण बघणार?”

आता माझं सांगतो. सासूबाई मला आवडतात. स्कूटरवरून जाऊन भेटून परत यावं, एवढ्या अंतरावरून तर फारच आवडतात. पण एकदा त्या आमच्याकडे मुक्कामाला आल्या होत्या. तेव्हा भल्या पहाटे, मी पांघरुणात असतानाच, त्यांनी माझ्या पलंगाची चादर बदलली. मला पलंगावरून न उठवता. या कुशीवरून त्या कुशीवर वळवलं, जुनी खेचली, नवी घातली, कोपरे दुमडले आणि जाता जाता मनगट धरून नाडी बघितली. तेव्हापासून त्यांच्या कोंबड्यांना उदंड आयुष्य लाभो असं मनापासून वाटणारी दोन माणसं या जगात होती. एक त्या आणि एक मी. हे आम्ही एकमेकांशी कधी बोललो नव्हतो.

गडबड झाली ती एका खुडूक कोंबडीमुळे. ती जागची हलेना, तेव्हा सासूबाईंनी हौसेने तिच्या पोटाखाली डझनभर अंडी सरकवली. पिल्लं निघाली, जगली, त्यांचं कौतुक झालं आणि मग एकेकाचा तुरा लाल व्हायला लागला. निम्म्याहून जास्त कोंबडे निघाले. परसात आधीपासून एक म्हातारा कोंबडा होता, आजोबा नावाचा. तो सकाळी बेताने आरवायचा आणि दिवसभर कोंबड्यांच्या मागून सांभाळून चालायचा. त्याच्या जोडीला आता हे नातू आले. एकाने सूर लावला की दुसऱ्याला तो अपमान वाटायचा. दिवसभर मारामाऱ्या, आणि त्यातून फुरसत मिळाली की कोंबड्यांना छळणं. बिचाऱ्यांच्या पाठीची पिसं झडली, काही तर भीतीने बाहेरच येईनात, अंडी बंद पडली. सासूबाईंनी आपल्या जुन्या युनिफॉर्मचे पांढरे तुकडे कापून त्यांच्या पाठीवर बांधले. परसात नर्सांची पाळी बदलल्यासारखं दिसायला लागलं.

मग घरमालक खाली आला. माणूस वाईट नाही, त्याला फक्त झोप हवी होती.

“सिस्टर, एक कोंबडा मी समजू शकतो,” तो म्हणाला, “ही फौज नाही. महिनाअखेरच्या रविवारी मी स्वतः येऊन बघणार. एकाच्या वर दुसरा दिसला, तर खुराडं उचलायचं. कोंबड्यांसकट.”

बायकोच्या कानावर हे गेलं त्याच संध्याकाळी तिने आमच्या हॉलमध्ये दिवाण कुठे बसेल याचं माप घेतलं. दुसऱ्या दिवशी मी सासूबाईंकडे हजर.

“यात एवढं काय आहे आई, खाटकाला देऊन टाका.”

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “ड्युटीवर असताना पुष्कळांना जाताना बघितलं, जावईबापू. आता माझ्याकडून जो जाईल तो आपल्या पायांनी जाईल.”

मी पुन्हा खाटकाचं नाव काढलं नाही. आणि मग सुरू झाले डिस्चार्ज.

कोंबडा फुकट मिळायचा, पण अटी ऐकून घेणाऱ्याला वाटायचं की विकत घेतलेला बरा. कापायचा नाही. त्याच्या सोबतीला कोंबड्या हव्यात, दुसरा कोंबडा नको. आणि सगळ्यात जाचक अट म्हणजे सिस्टर कधीही, न कळवता, फॉलो-अपला येणार. या सगळ्यात रुग्णवाहिका मी. कोंबडा पिशवीत, डोकं तेवढं बाहेर, पिशवी सासूबाईंच्या मांडीवर आणि सासूबाई माझ्या स्कूटरवर. सिग्नलला तो आरवला की लोक माझ्याकडे बघायचे.

बेकरीवाल्याने तर छातीवर हात ठेवून शब्द दिला, पोटच्या पोरासारखा सांभाळीन. सासूबाई पाणी प्यायच्या निमित्ताने आत गेल्या. ओट्यावर मोठं पातेलं घासूनपुसून तयार, शेजारी सोललेल्या कांद्यांचा ढीग.

“पाहुणे यायचेत वाटतं?”

“हो ना, संध्याकाळी.”

“त्यांना पाव खायला घाला,” त्या म्हणाल्या आणि पिशवी उचलून बाहेर आल्या.

कोंबडा नेणाऱ्याच्या घरात कुत्रा असेल तर आणखी एक कोर्स असायचा. तो त्यांनी आपल्याच कुत्र्यावर सिद्ध केला होता. वॉर्डबॉय त्याचं नाव. मूळचा तो गल्लीतला भटका. एकदा त्याने सासूबाईंच्या डोळ्यांदेखत एक कोंबडी पळवली, तेव्हा सगळी गल्ली म्हणाली, कुत्रे पकडायची गाडी बोलवा आणि द्या याला. सासूबाईंनी त्याला आणून परसातच बांधला. रोज दुपारी खुराड्यासमोर स्टूल टाकून बसायचं, दोरी पायाखाली आणि खिशात पावाचे तुकडे. तो कोंबडीकडे टक लावून बघतोय तोवर काही नाही. नजर वळवली की तुकडा. झेप घेतली तर मारायचं नाही, ओरडायचं नाही, दोरी आखूड करायची आणि पुन्हा पहिल्यापासून. हळूहळू त्याच्या डोक्यात शिरलं की कोंबडी ही न बघण्याची वस्तू आहे. मग सासूबाईंनी त्याला पुढचं शिकवलं. एखादी कोंबडी परसाबाहेर, भिंतीवर, घरात, कुठेही नको तिथे असली, तर तिच्यासमोर जाऊन बसायचं आणि सिस्टर येईपर्यंत हलायचं नाही. पेशंट वॉर्डाबाहेर दिसता कामा नये, एवढी एकच त्याची ड्युटी. ती तो इतकी चोख बजावायचा की मी ऑफिसात अशी माणसं शोधतोय.

तर एकेक करत सगळे मार्गी लागले, उरला फौजदार. काळा, उंच, मान ताठ, आणि त्याला माणसांच्या नडग्यांचा राग. निवृत्त पोस्टमनने त्याला परत आणला, कारण नोकरीभर कुत्र्यांनी जेवढं चावलं नव्हतं तेवढं याने टोचलं होतं. रोपवाटिकेवाल्या बाईंनी परत दिला, कारण गिऱ्हाईक कुंडीला हात लावेना. शेवटी इस्त्रीवाल्याने मोठ्या मनाने ठेवून घेतला आणि सासूबाईंचा जीव भांड्यात पडला. महिनाअखेरचा रविवार उजाडला. परसात आजोबा एकटा, कोंबड्यांच्या पाठीवर नवी पिसं, सगळं कसं शिस्तीत. मी मुद्दाम सकाळीच गेलो होतो, म्हटलं, आपल्या डोळ्यांनी बघावं.

इतक्यात इस्त्रीवाला दारात. बगलेत फौजदार, हातात एक पांढरा शर्ट, आणि शर्टावर फौजदाराची सही.

“सिस्टर, तुमच्यावर राग नाही,” तो म्हणाला, “पण हा घ्या.” आणि दोघांपैकी कोंबडा आमच्या हातात देऊन तो निघून गेला.

जिन्यावर घरमालकाच्या चपला वाजल्या. सासूबाईंनी कसलाही विचार न करता फौजदाराला न्हाणीघरात लोटलं, कडी लावली आणि पदराला हात पुसत चहाचं आधण ठेवलं. घरमालकाने परस पाहिलं, खुराड्यात वाकून पाहिलं, आजोबाला पाहिलं. “वा,” तो म्हणाला, “बोललात तसं केलंत.” आणि खुर्चीत बसला. तेवढ्यात न्हाणीघरातून खणखणीत आरवणं आलं.

घरमालकाचा कप हातातच राहिला. सासूबाई अगदी शांत.

“जावईबापू, फोन वाजतोय तुमचा. घ्या की.”

मी खिशातून फोन काढला. “हॅलो,” म्हणालो. “हो. हो हो. नाही, सासुरवाडीला आलोय.” पलीकडे कोणी नसताना बोलणं फार अवघड असतं, तरी मी ऑफिसची दोन कामं निकालात काढली. तिसरं काढतोय तर फौजदार पुन्हा आरवला. फोन माझ्या कानाला असताना फोन वाजला.

“दुसरा येतोय वाटतं,” सासूबाई म्हणाल्या.

घरमालक कदाचित एवढ्यावर गेलाही असता. चहा चांगला झाला होता. पण वॉर्डबॉय परसातून आत आला, कोणाकडे न बघता सरळ न्हाणीघराच्या दाराशी गेला, आणि दाराकडे तोंड करून बसला. पाठ ताठ, कान उभे, ड्युटीवर.

“हा इथे का बसलाय?” घरमालक म्हणाला.

“आंघोळीची वेळ झाली त्याची.”

“कुत्रा स्वतःहून आंघोळीला बसतो?”

“सवय लावावी लागते,” सासूबाई म्हणाल्या. पण आवाज जरा पडला होता, आणि वॉर्डबॉय कौतुकाची वाट बघत शेपटी हलवत होता. घरमालकाने उठून कडी काढली. फौजदार बाहेर आला आणि त्याने रीतसर घरमालकाच्या नडगीपासून सुरुवात केली.

मी त्याला पकडला तोवर घरमालक खुर्चीवर उभा होता. “दोन झाले, सिस्टर,” तो तिथूनच म्हणाला. “आपलं काय ठरलं होतं?”

मी सासूबाईंना इतक्या वर्षांत कधी हात चोळताना पाहिलं नव्हतं. त्या परसाकडे बघत होत्या, जिथे त्यांच्या कोंबड्या उन्हात पंख पसरून पडल्या होत्या. मला खरंच वाईट वाटलं. मग त्यांनी मान वळवली आणि माझ्याकडे पाहिलं.

“हा माझा नाही,” त्या म्हणाल्या. “जावयांचा आहे. न्यायलाच आलेत ते.”

दोघंही माझ्याकडे बघायला लागले. वॉर्डबॉय धरून तिघं. माझ्या डोळ्यांसमोर आमचा हॉल आला, हॉलमधला दिवाण आला, पहाटेची चादर आली.

“हो,” मी म्हणालो. “माझाच.”

“तिसऱ्या मजल्यावर कोंबडा?”

“हवा चांगली आहे तिकडे.”

फाटकापाशी सासूबाईंनी पिशवी स्कूटरला अडकवली आणि फौजदाराचं डोकं नीट बाहेर काढलं. “वाईट वाटून घेऊ नका जावईबापू,” त्या म्हणाल्या. “दोघांपैकी एकाला नेणं तुम्हाला भागच होतं. तुम्ही कमी त्रासाचा निवडलात.”

माझे कान तापले. “असं काही नाही हो, आई.”

“त्या दिवशी पहाटे नाडी बघितली होती मी तुमची. अजून आठ दिवस राहते म्हटलं, तर कशी धावली.”

बायको दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. फौजदाराची सोय गच्चीवर झाली. तो मला टोचायचा, मी त्याला दाणे टाकायचो, असं आमचं जमत गेलं. सोबतीला दोन कोंबड्या सासूबाईंनी पुढच्याच रविवारी आणून दिल्या आणि शेजाऱ्यांची तोंडं अंड्यांनी बंद केली. पण मी एक गोष्ट साफ विसरलो होतो. फॉलो-अप. सासूबाई दर रविवारी यायला लागल्या. न कळवता, तीन जिने चढून, धापा टाकत. आधी गच्ची, मग आमचं घर. फौजदाराचा तुरा बघायच्या, माझा रक्तदाब बघायच्या, फ्रिज उघडून शिळं फेकायच्या, लेकीशी भांडायच्या, जेवायच्या आणि संध्याकाळी आपल्या घरी जायच्या. ज्यांना टाळण्यासाठी मी कोंबडा गळ्यात बांधून घेतला, त्या आता कोंबड्यापायीच आठवड्याला हजर. मी दोन-तीन रविवार कपाळाला हात लावला. नंतर रविवारी दुपारचं कुठे जायचं ठरवणं मी बंद केलं.

गेल्या रविवारी त्या आल्या नाहीत. त्या आधीच्या रविवारीही नाही. गुडघा धरलाय, जिने होत नाहीत, असं बायको म्हणाली. मी गच्चीवर गेलो. फौजदार मजेत होता, आल्या आल्या त्याने माझी नडगी पाहून घेतली. मला मात्र करमेना. घर अगदी सुनंसुनं वाटत होतं, फ्रिजमधलं शिळं तसंच पडलं होतं. मी गच्चीवरूनच सासूबाईंना फोन लावला.

“आई, फौजदार दोन दिवस काही खात नाहीये. मान टाकून बसलाय. येऊन बघता का?”

नेमका तेव्हाच तो कठड्यावर चढला आणि सगळ्या इमारतीला ऐकू जाईल असा आरवला.



“आवाज तर खणखणीत लागलाय त्याचा,” सासूबाई म्हणाल्या.

“तो नाही हो,” मी म्हणालो, “माझा फोन वाजतोय.”

“असं होय. मग बघायलाच हवं.” त्या हसत असाव्यात, पण सिस्टरचा आवाज त्यांनी सोडला नाही. “स्कूटर घेऊन या. एकदा वर चढले की हा गुडघा चार दिवस खाली उतरायचा नाही, सांगून ठेवते.”

मी खाली आलो, कपाटातून धुतलेली चादर काढून पलंगावर ठेवली आणि स्कूटरची किल्ली घेतली.