पदक डाव्या छातीवरच

दुपारचा डोळा लागता लागता ताराकाकूंच्या डोक्यात विलासचंच घोळतंय. विलास म्हणजे समाजमंदिराच्या कमिटीचा सेक्रेटरी. वयानं पोरगा आणि तोंडानं पाटील. उद्या तिथल्या भिंतीवर गावच्या जुन्या सैनिकांचे फोटो लागायचेत, आणि काकूंच्या पणजोबांचा, सोननाक हवालदारांचा, तेवढा त्यानं परत पाठवलाय. "पदक डावीकडे लावतात हे शेंबडं पोरही सांगेल, काकू. यांचं उजवीकडे! कोट भाड्याचा असणार." भाड्याचा! काकूंच्या अंगाचा तिळपापड झालाय, पण पुरावा आणायचा कुठून?

कूस बदलावी तर पलंगाची कड संपतच नाही. ती लांबत जाते, तिच्यावर गवत उगवतं, आणि पुढे एका कापडी तंबूत सोननाक उभे आहेत. कोट लालभडक. फोटोत तो काळा दिसतो.

"पत्र्यावरचा फोटू तो, पोरी. लाल त्याचं काळं करतो नि डावं त्याचं उजवं," म्हातारा म्हणतो. "फोटूवाला सायेब बोलला, पदक उजव्या अंगाला लाव, म्हंजे फोटूत बरोबर दिसंल. मी बोललो, नाय लावत. छाती माजी हाय. उलटायचा तर तुजा पत्रा उलटूं दे."

काकूंना हसू येतं आणि रडूही. "तुमच्या त्या हट्टापायी आज तुम्हाला खोटं ठरवतात हो, आजोबा."

"मग बटनं बघ की! फोटूत माजा कोट बाईमाणसाच्या झग्यागत उलटा मिटलाय. पदक दिसतं त्यांना, बटनं दिसत नाय?"

तंबूचं आता काकूंचंच स्वयंपाकघर झालंय. गॅसवर चहा उकळतोय. सोननाक ओट्याला टेकून छातीवरचं पदक काढतात आणि काकूंच्या डाव्या खांद्याखाली, पदरावर, टोचून लावतात.

"हात जोडून जाऊ नको त्यांच्याम्होरं," ते बजावतात. "मान वर."

फोन वाजतो. काकू पलंगावर उठून बसतात. विलासच आहे. "काकू, तुमच्या फोटोच्या जागी दुसरा लावतो हां."

"हात तर लावून बघ! मी येतेय. त्या कोटाची बटणं कुठल्या बाजूला मिटलीत ते आधी सगळ्यांनी बघायचं, मग बोलायचं. आणि खिळा मीच ठोकणार."

उठून पदर सावरतात तर त्याला दोन बारीक भोकं. सकाळीच घडी मोडलेली साडी. काकू त्यांवरून बोट फिरवतात, आणि ती नेमकी डाव्या छातीवर येतील असा पदर लावून, परत आलेला फोटो काखेत घेऊन घराबाहेर पडतात.