गायकवाड मॅडमचा उजवा डोळा

त्या हिवाळ्यात गायकवाड मॅडम कुठलीही गोष्ट आधी डाव्या डोळ्यानं बघत, मग तळहातानं तो झाकून उजव्यानं. वाण्याकडची साखर, सोसायटीची नवी रंगवलेली भिंत, माझा शर्ट. अनोळखी माणसाला वाटे, बाई नेम धरताहेत.

मॅडम कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. कोथरूडच्या आमच्या सोसायटीच्या गच्चीवर रविवारी संध्याकाळी ताऱ्यांचा वर्ग घेत. शिकणारे बहुतेक पेन्शनर, आणि हिंजवडीच्या बसमध्ये आठवडाभर मान अवघडून घेतलेला मी. त्यांनी एक मोठा तक्ता केला होता. वरखाली तेज, आडवं तापमान. डावीकडे कडक निळे तारे, उजवीकडे गार लाल. नळावर तर लाल म्हणजे गरम असतं, असं जोशीकाका म्हणाले.

"ते प्लंबरचं शास्त्र," मॅडम म्हणाल्या.

सूर्य तक्त्याच्या साधारण मधोमध, पिवळ्यांत. "हा कोथरूडचा," एवढीच त्याची ओळख करून दिली.

तेज आणि ताप यांची गल्लत त्यांना खपत नसे. मृग नक्षत्रातला काक्षी हा तारा लाल, म्हणजे गार, तरी झगमगतो, कारण तो अवाढव्य आहे. उलट काही पांढरे तारे भयंकर तापलेले, पण इतके चिमुकले की नुसत्या डोळ्यांना दिसतही नाहीत. मीटिंगमध्ये चेअरमननी आवाज चढवला की मॅडम माझ्या कानाशी म्हणत, "आकार मोठा आहे. तापमान बघा."

ताऱ्याचा रंग दुर्बिणीतून आपल्या डोळ्यानं ठरवायचा आणि तक्त्यावर त्या जागी टिकली लावायची, पुस्तक उघडायचं नाही, असा वर्गाचा नियम. मृगाच्या पट्ट्याखालचा एक बारीक तारा मला निळसर दिसला, मॅडमना पिवळा. "अहो, डोळे तपासून घ्या," त्या म्हणाल्या. मी खरंच तपासून घेतले. नंबर निघाला नाही. टिकली मात्र सूर्याशेजारी लागली ती लागलीच.

मग मॅडमच्या डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. पट्टी सुटल्यावर दवाखान्याची भिंत त्यांना डाव्या डोळ्यानं पांढरी दिसली आणि उजव्यानं पिवळी. डॉक्टर हसून म्हणाले, सगळ्यांचं असंच होतं, मोतीबिंदू म्हणजे आतून घातलेला पिवळा चष्मा. मॅडम हसल्या नाहीत. किती वर्षं, एवढंच विचारलं. बरीच असतील, ते म्हणाले. उजव्या डोळ्यातला दाब वाढतोय, दसऱ्याच्या आत तोही करा, नाहीतर डोळा जाईल, असंही त्यांनी बजावलं.

मॅडमनी साफ नकार दिला. मृग संध्याकाळी वर येतो जानेवारीत, आणि तोवर त्यांना उजवा डोळा आहे तसाच हवा होता. ज्यांना चुकीचं सांगितलं त्यांच्यासमोरच, किती चुकलं ते मोजून दाखवायचं होतं. मुलगी फोनवर रडली. मी हात जोडले. दसऱ्याला मृग पहाटे दिसतो, तेव्हा मोजणी उरकू म्हटलं.

"पहाटे पेन्शनर फिरायला जातात. वर्ग पूर्ण हवा."

मला त्यांचा फार राग आला होता.

जानेवारीत सगळे आले, अगदी कानटोप्या घालून. मॅडमनी दुर्बिणीला एक डोळा लावला, मग दुसरा. टिकली उचलून तक्त्यावर वीतभर डावीकडे लावली आणि "इतकं चुकलं," म्हणाल्या. इतकी वर्षं कळलं कसं नाही, असं जोशीकाकांनी विचारलं.

"रोज थोडं पिवळं होतं, रोज सवय होते. ज्या डोळ्यात खोट, त्यालाच विचारत होते मी."

महिन्याभरात उजवा डोळा लाल होऊन ठणकू लागला. ऑपरेशन झालं, दृष्टी आली नाही. मी भेटायला गेलो. त्या म्हणाल्या, तारे बघायला एक डोळा पुरतो. ते इतके लांब आहेत की दोन असून काही फरक पडत नाही.

पुढच्या रविवारी वर्ग संपला, सगळे खाली उतरले. मॅडम जिन्याच्या तोंडाशी थांबल्या. पाय पुढे केला, मागे घेतला. पायरी किती खाली आहे ते त्यांना समजेना. एरवी कुणी आधाराला हात पुढे केला तर मॅडम त्या हातात दुर्बीण देत. त्या संध्याकाळी त्यांनी माझा दंड घट्ट धरला.

"हे जवळचं आहे," त्या म्हणाल्या. "इथं दोन लागतात."