आबांचे पलंग

आबा गेले त्याला आता काही महिने झाले. पण इंदोऱ्यातल्या आमच्या घरी अजून कोणी ना कोणी येतं, चहा घेतं आणि ‘तुमच्या आबाजीचं एक सांगू का?’ म्हणून सुरू होतं. आबांसाठी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ठेवला त्या दिवशी तर मांडवात इतके किस्से निघाले की भंतेजींना मधेच थांबून लोकांकडे बघावं लागलं! सगळे हसत होते. मीही हसले. मग घरात जाऊन दार लावून घेतलं.

आबा म्हणजे माझे आजोबा. तरुणपणी फौजेत होते, एकाहत्तरची लढाई बघितलेले. नोकरी संपल्यावर घरासमोर टिनाच्या शेडखाली सुतारकाम सुरू केलं. दारं, खुर्च्या, सगळंच करायचे, पण नाव झालं ते सागवानी पलंगांचं.

*

वाडीचा एक ट्रान्सपोर्टवाला आला होता. बहिणीच्या लग्नात द्यायला पलंग हवा होता.

“आबाजी, एकदम अर्जंट! चार दिवसात पाहिजे.”

आबांचा रंधा चालूच. “लगन किती दिवस चालवाचं हाये?”

“म्हंजे? जिंदगीभर!”

“मंग पलंग चार दिवसाचा कायले पाहिजे गा?”

बहीण सासरी गेली आणि पलंग तिच्या मागून, सावकाश गेला.

*

आबांची एक सवय होती. पलंग तयार झाला की चपला काढायचे आणि गिऱ्हाइकासमोर त्याच्यावर चढून धडाधड उड्या मारायचे. मगच डिलिव्हरी!

एकदा कामठीला एका लग्नघरी पलंग पोचवायला गेले. मी कॉलेजात होते, सोबत गेले होते. पलंग जोडून झाला, आणि भर पाहुण्यांत आबा चढले की वर! नवरदेवाचा मामा ओरडला, “अरे, नवरदेव राहिला बाजूले, सुतारच पलंगावर!”

मांडव हसून हसून लोळला. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. परतताना शेअर ऑटोत मी विचारलंच, “आबा, काहून मारता उड्या? लोकं हसतात.”

आबा बाहेर बघत म्हणाले, “लढाईत माह्या एक दोस्त जखमी झाला होता. आमी दोघं त्याले स्ट्रेचरवर घेऊन पळून राहिलो होतो. दांडा मोडला. लाकूड कच्चं होतं, कोनं केलं होतं देव जाने. दाणकन खाली पडला तो. मले म्हने, ‘हळू गा.’ बस. त्याच्यानंतर काईच नाई बोलला.”

ऑटोवाल्याने गाणं बंद केलं.

थोड्या वेळाने आबाच म्हणाले, “चालू ठेव गा गाणं. झालं माह्यं सांगून.”

*

मग रेडिमेड फर्निचर आलं. शेडमधलं काम हळूहळू बंद पडत गेलं. एक दिवस आबा भाजी आणायला गेले ते ठेल्यावर पलंग घेऊन आले! शेजारच्या गल्लीतल्या लोकांनी नवा बॉक्स-बेड घेतला होता आणि जुना भंगारवाल्यासाठी रस्त्यावर काढून ठेवला होता. तो आबांनीच केलेला होता.

मग तसाच दुसरा आला. मग आणखी एक. घरात चालायला जागा राहिली नाही. पाहुणे आले की बाजूने सरकत स्वयंपाकघरात जायचे.

आजी वैतागली. “अजी, पलंगावर पलंग झाले! मानसानं झोपावं कुठं?”

आबांनी एका पलंगाच्या पायावरून हात फिरवला. “घरून हाकललेले लेकरं हायेत वं. कुठं जातीन?”

त्या दिवशी जेवणं पलंगांवर बसूनच झाली.

*

त्यानंतर आबांना लकवा मारला. उजवी बाजू गेली. सुताराचा उजवा हात!

धंतोलीत एका डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर तरुण, बोलायला फार गोड. म्हणाले, “आजोबा, उजवा हात उचलून दाखवा बरं.”

आबांनी डाव्या हाताने उजवा हात धरला, उचलला आणि डॉक्टरच्या टेबलावर ठेवला. “घ्या. उचलला.”

डॉक्टरांना हसू आवरेना. मलाही. आबा हसत नव्हते. जड जिभेने म्हणाले, “आता इथंच ठेऊन घ्या याले. माह्या कामाचा नाई राहिला.”

डॉक्टरांनी हळूच तो हात उचलून परत त्यांच्या मांडीवर ठेवला. येताना गाडीत आबा तोंड खिडकीकडे करून बसले होते. मी त्यांच्या बाजूला बसून उगाच मोबाइल बघत राहिले.

*

पुढे डोकंही साथ देईना. एका सकाळी पाहिलं, तर आबा जमिनीवर बसून डाव्या हाताने जेवणाच्या टेबलाच्या पायाला खालच्या टोकाशी रंधा मारत होते. रंधा नीट धरता येत नव्हता, तरी चालू. दुसऱ्या दिवशी परत तेच. तोच पाय!

टेबल एका बाजूने कलायला लागलं. वरण ताटाच्या एका कडेला गोळा व्हायचं. पाण्याचा ग्लास हातात धरून जेवावं लागायचं. आई आजीला म्हणाली, “रंधा लपवून ठेवू या का?”

आजी भडकली. “खबरदार! ड्युटीवर हायेत ते.”

मग आम्ही सगळे ताट हाताने धरून जेवलो, आबा गेले त्या दिवसापर्यंत. आता घरी रंध्याचा आवाज नाही, पायाखाली पाचर घालून टेबलही सरळ केलं, आणि तरी आजी ताट धरूनच जेवते.

*

हा शेवटचा किस्सा मांडवात कोणी सांगितला नाही, कारण तो आमच्या घराबाहेर कोणाला माहीतच नाही. लकव्याच्या आधीचा, कोरोनातला आहे. माझे बाबा, म्हणजे आबांचा एकुलता एक मुलगा, हॉस्पिटलमध्ये ऑक्सिजनवर होते. भेटायला कोणालाच सोडत नव्हते.

आबांनी कधी मेडलं लावली नाहीत. पंधरा ऑगस्टला शाळेत बोलवायचे, तरी साध्या शर्टात जायचे. त्या दिवशी मात्र त्यांनी पेटीतून लोकरीचा कोट काढला, त्याच्यावर सगळी मेडलं लावली, आणि मे महिन्याच्या उन्हात, बटणं लावून, माझ्या स्कूटीवर मागे बसले. “चाल. फौजीले सोडतीन.”

गेटवरचा गार्ड रिटायर्ड फौजीच निघाला! मेडलं बघून ताठ उभा राहिला आणि कडक सॅल्यूट मारला. आबांनीही मारला. मला वाटलं, झालं काम.

“साहेब,” गार्ड म्हणाला, “ऑर्डर नाई हाये जी.”

“ऑर्डर म्हंजे ऑर्डर,” आबा म्हणाले. मग कोट काढला, मेडलांसकट घडी केली आणि गार्डच्या हातात दिला. “पोराले थंडी लवकर लागते. आतमधी एसी असंन. एवढं पोचवून दे गा.”

संध्याकाळी नर्सचा फोन आला. “पेशंट कोट काढूच देत नाहीयेत हो. सलाईन लावायला बाही कापावी लागली. चालेल ना?”

आई म्हणाली, “चालेल.”

बाबा घरी आले नाहीत. त्यांची बॅग आली. चार्जर, चष्मा, कंगवा, आणि तळाशी कोट. मेडलं जागच्या जागी. उजवी बाही मनगटापासून कोपरापर्यंत कापलेली.

आजीने डोळे पुसले आणि सुई-दोरा घेतला. “आना इकडं. शिवून देतो.”

आबांनी कोट स्वतःकडे ओढून घेतला.

“नोको वं. आता तो पोराच्या मापाचा झाला.”