झाकण लावलं की मरतंय

मी तोंडाळ माणूस. गॅरेजवर आलेल्या गिऱ्हाइकाला आधी चार शब्द सुनावायचे आणि मग पाना हातात घ्यायचा, ही माझी जुनी खोड. शिरवळच्या एका कारखान्यात मी चार वर्षं मेंटेनन्सला होतो. तिथून गावी येऊन सांगलीच्या रस्त्याला गॅरेज टाकलं, तेव्हापासून गावानं मला इंजिनिअरच करून टाकलं. मीही कधी नाही म्हटलं नाही. म्हणावंसं वाटलंच नाही, खरं सांगायचं तर.

आमचं गाव कृष्णेच्या काठावर. पूर आला की मळ्यातल्या वस्त्या तुटतात, म्हणून ग्रामपंचायतीकडं एक फायबरची बोट आहे आणि तिला मागं लावायचं एक जुनं इंजिन. दोरी ओढून चालू करायचं, टू-स्ट्रोक, माझ्यापेक्षा थोडंच लहान. ती बोट चालवायचे आमचे मामा. माझे सख्खे नव्हेत, सगळ्या गावाचेच. पूल व्हायच्या आधी त्यांच्या घराण्याची नाव चालायची. पूल झाला, नाव गेली. मग बोट आली तेव्हा गावानं ती त्यांच्या हाती दिली, आणि मामा पुन्हा ताठ चालायला लागले. बाकी त्यांच्याकडं काही नव्हतं. त्या बोटीवर बसणारा माणूस म्हणूनच त्यांना गावात मान होता, आणि हे मला चांगलं माहीत होतं.

मागच्या उन्हाळ्यात इंजिन माझ्याकडं आलं. ठिणगीच नव्हती. प्लग काढून इंजिनाच्या अंगाला टेकवला, दोरी ओढली, काही नाही. कॉइल गेली होती. कोल्हापुरातून जुनी कॉइल मिळवली, बसवली, नवा प्लग टाकला. इंजिनाचा पंख्याकडचा खालचा भाग पाण्याच्या ड्रममध्ये बुडवून ते उभं केलं आणि दोरी ओढली तर पहिल्या झटक्याला सुरू. अर्धा तास पळवलं. वरचं झाकण तेवढं बाकावर पडलेलं होतं. चालू इंजिन उघडं ठेवून ऐकायचं, ही माझी पद्धत.

मृगाच्या आधी आमच्याकडं बोट पाण्यात घालतात. कृष्णामाईची ओटी भरतात, नारळ फोडतात. बाया इंजिनाच्या झाकणाला हळदीकुंकू लावतात, हार घालतात. त्या दिवशी झाकण लावलेलं होतं, हारही होता. सरपंच म्हणाले, मामा, करा चालू. मामांनी दोरी ओढली. एकदा, दोनदा, दहादा. इंजिन गप्प. मागं कुणीतरी हसलं. मी चिखलात उडी मारून बोटीत चढलो, हारासकट झाकण उचलून एका वहिनींच्या हातात दिलं आणि एक झटका मारला. सुरू! टाळ्या पडल्या. कुणीतरी ओरडलं, "मशीन हात वळखतंय गड्या!" आणि मी, काय सांगू, मी हात वर केला. निवडून आल्यासारखा. हार पंख्यात अडकेल म्हणून झाकण काठावरच ठेवून आम्ही नदीत फेरी मारून आलो.

पुढच्या आठवड्यात मामा गॅरेजवर. "मिस्तरी, ठिणगी मरतीया बग."

मी गेलो, झाकण उचललं, दोरी ओढली. सुरू. "कसली मरतीया? चोक लय ओढताय तुमी. पेट्रोल कोंबताय त्यात."

चार दिवसांनी पुन्हा आले. मी पुन्हा गेलो, पुन्हा पहिल्या झटक्याला सुरू. तिसऱ्यांदा आले तेव्हा मी एका ट्रॅक्टरखाली आडवा होतो. ते शेजारी उकिडवे बसले आणि हळूच म्हणाले, "आवं मिस्तरी, मी काय म्हन्तो, झाकण लावलं की मरतंय. झाकण काडलं की जित्तं. मी दोनदा बघितलं."

मी ट्रॅक्टरखालूनच हसलो. मोठ्यानं, गॅरेजवरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं. "मामा, झाकणाचा आन् ठिणगीचा काय संबंध? ते काय डब्यावरचं टोपण हाय व्हय, वारा लागंना म्हणून गुदमरायला?" सगळे हसले. मामाही थोडे हसले. मग मी बाहेर येऊन दम भरला, "आन् एक सांगतो, परत झाकण उचकटायचं न्हाई. तुमी हात लावला तर ह्या मशीनचं मला काय इचारायचं न्हाई." ते बरं म्हणाले आणि गेले.

श्रावणात पाणी चढलं. एका सकाळी पलीकडच्या मळ्यातली दोन घरं वेढली गेली. म्हातारी माणसं, एक बाळंतीण, जनावरं. धो धो पाऊस. सगळं गाव काठावर उभं. मामांनी दोरी ओढली. वीस वेळा, तीस वेळा. तळहाताची साल निघाली. मी तेव्हा सांगलीला पार्ट आणायला गेलो होतो. नंतर ऐकलं, कुणीतरी झाकण काढा म्हणालं तेव्हा मामा म्हणाले, "न्हाई, मिस्तरीनं सांगितलंय, हात लावायचा न्हाई."

शेवटी वल्ही आणि बांबू घेऊन ते निघाले. तीन फेऱ्या. सगळी माणसं आणली, बाळंतीणही सुखरूप आली. पण दहा मिनिटांच्या कामाला दुपार झाली. तेवढ्या वेळात एका घराची दोन जनावरं वाहून गेली.

पाणी उतरल्यावर पंचायतीत बैठक बसली. सरपंचांनी मला विचारलं, "मशीनला काय दोष हाय का?" मामा समोरच्या बाकावर बसले होते, हाताला फडकं बांधलेलं. मी उभा राहिलो. त्या वेळी जे बोललो ते शब्दशः लिहितो, कारण दुसरं काही लिहिण्याची माझी लायकी नाही.

"मशीन ओके हाय. माणूस बदला. मामांच्या अंगात आता जोर ऱ्हायला न्हाई."

मामांनी माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. खरंच असेल का, असं काहीतरी त्या नजरेत होतं. ते उठले आणि पायताण घालून गेले. बोट तालमीतल्या एका पैलवान गड्याकडं दिली.

आणि पंधरा दिवसांनी तो पैलवान इंजिन घेऊन माझ्या दारात. "मिस्तरी, हे चालंना गा."

त्याला म्हातारा म्हणायची सोय नव्हती. दंड बघितले तर माझ्या मांडीएवढे. मग पहिल्यांदा मी डोकं चालवलं. इंजिन ड्रममध्ये उभं केलं, झाकण काढून ओढलं. सुरू. बंद केलं, झाकण लावून ओढलं. मेलं. पुन्हा काढलं. सुरू. मग वाकून एकेक वायर बोटानं चाचपत गेलो.

बंद करायच्या बटणाची एक वायर असते. ती इंजिनाच्या अंगाला टेकली की ठिणगी मरते, तिचं कामच ते. कॉइल बसवताना ती मी क्लिपमधून न घेता बाहेरनं घेतली होती. घाई. झाकण बसलं की त्याची कडा वायरवर बसायची आणि ती खालच्या काठावर दाबली जायची. वरचं प्लास्टिक चेपून तांबं उघडं पडलं होतं. झाकण उचललं की वायर मोकळी. अन् मी शहाणा दर वेळी आधी झाकण उचलायचो. मामांनी मला दोष अगदी बोटानं दाखवला होता, आणि मी त्यांना हसलो होतो.

टेपचे दोन वेढे मारले, वायर क्लिपमध्ये घातली. पाच मिनिटांचं काम. पैलवानाला म्हणालो, "प्लग गेल्ता." तो बरं म्हणून इंजिन न्यायला टेम्पो आणायला गेला. शेण खाल्लं मी. तिथंच खरं सांगितलं असतं तर निदान पुढचं टळलं असतं.

तेवढ्यात मामा आले. रस्त्यानं चालले होते, इंजिन दिसलं म्हणून थांबले. ड्रमजवळ आले, झाकणावरून हात फिरवला.

"मिस्तरी, एक इचारू का? रागावू नगंस." मी मान हलवली. "मला आता बोट नगं. पर माजा हात कुटं चुकत हुता, तेवढं दाव. रोज बसून इचार करतोय, घावंना. एवढी वर्सं पान्यात काडली आन् एक दोरी वडाया येईना, हे काय मला सोसत न्हाई बग."

माझ्या जिभेवर आलं होतं. मामा, चूक माझी होती, तुमी बरोबर होता. एवढंच म्हणायचं होतं. गॅरेजवर दोन गिऱ्हाइकं बसली होती, त्यांच्यासमोर.

मी म्हणालो, "दोरी थांबत थांबत ओढत हुता तुमी. आधी जरा ताण घ्यायचा, मग एका दमात."

आणि त्यांचा हात धरून मी त्यांना शिकवलं. ज्या हातानं तीन फेऱ्या वल्ही मारली होती तो हात. तळव्यावरची नवी कातडी अजून गुलाबी होती. त्यांनी ताण घेतला, ओढलं. झाकण लावलेलं इंजिन पहिल्या झटक्याला सुरू झालं.

मामा हसायला लागले, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "एवढंच व्हय रं! एवढंच हुतं व्हय!" म्हणत त्यांनी मला हात जोडले. मी ते जोडू दिले.

दुसऱ्या दिवशी पारासमोरून गाडीवर चाललो होतो. मामा तिथं पाच-सहा जणांत बसून हवेत दोरी ओढून दाखवत होते आणि सांगत होते, "चूक माजीच हुती गड्यांनो. मिस्तरीनं दावली."