मिळाला नाही म्हणून लिहिला नाही

"फॉर्म सोळा आलेला न्हाई अन् बँकेला शुक्रवारी रिटर्न पायजे," गायकवाड सिस्टरनी पर्स टेबलावर आदळली. "काय करायचं ते तुमीच करा, मॅडम."

मे संपत आला होता. जुन्नरमध्ये माझं टॅक्सचं ऑफिस आहे. मे ते जुलै मी माणसात नसते. मान धरलेली, पोर्टल बंद पडलेलं आणि येणाऱ्या प्रत्येकाला आजच पाहिजे असतं. दुसरं कुणी असतं तर मी दारातूनच परत पाठवलं असतं. पण सिस्टर घाटघरच्या बाजूला डोंगरातल्या उपकेंद्रात नर्स आहेत, कितीतरी वर्षं माझ्याकडे येतात आणि त्यांनी कधी घाई केलेली नाही.

आता घाई होती ती प्रज्ञासाठी, त्यांच्या मुलीसाठी. आयर्लंडच्या कॉलेजात तिला मास्टर्सला सीट मिळाली होती. पंधरा जूनपर्यंत फी भरली नाही की सीट गेली. बँक एज्युकेशन लोन द्यायला तयार होती, पण आईचं नुकत्याच संपलेल्या वर्षाचं रिटर्न मागत होती.

फॉर्म सोळा म्हणजे तुमच्या ऑफिसने दिलेला दाखला. वर्षभरात अमुक पगार दिला, त्यातून अमुक टॅक्स कापला, एवढंच त्यात असतं. तो जूनमध्ये येतो. त्याच्याशिवाय रिटर्न भरताच येत नाही असं लोकांना वाटतं. तसं नाही. पे स्लिपांवरून बेरीज करून भरता येतं. मात्र भरता येतं म्हणून भरावंच असंही नाही.

सिस्टरनी एप्रिल ते मार्चच्या स्लिपा आणल्या होत्या.

"मार्चची ही नको, गेल्या सालच्या मार्चची द्या," मी म्हणाले. सरकारी नोकरीत मार्चचा पगार एप्रिलमध्ये होतो. त्यामुळे टॅक्सचं वर्ष मार्चच्या पगारापासून फेब्रुवारीच्या पगारापर्यंत धरतात. ती जुनी स्लिप उपकेंद्राच्या कपाटात होती. तिथे फोन लागतो, पण नेट नाही. शिपायाने फोटो काढला, टेकाडावर चढला, मग फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर आला. तोवर आम्ही दोन-दोन कप चहा घेतला आणि माझी दुपार गेली.

मग मी नेहमीचा प्रश्न विचारला. "पगाराशिवाय वर्षात काही मिळालं?"

"कुठलं काय! एक रुपाया न्हाई. उलट फेब्रुवारीचा पगारच आला न्हाई, सगळा टॅक्समधी कापला."

फेब्रुवारीत सगळ्याच सरकारी लोकांचे पगार कापले जातात, ऑफिस वर्षाचा हिशेब तेव्हाच मिटवतं. मी मान हलवली आणि आकडे भरले. शेवटी स्क्रीनवर रिफंड दिसला. चांगला मोठा. टॅक्स जास्त कापला गेला असेल तर सरकार परत देतं, तो रिफंड.

सिस्टर त्या दिवशी पहिल्यांदा हसल्या. "आगं बाई! मॅडम, पोरीच्या तिकिटाचं झालं की!" लगेच नवऱ्याला फोन. "आवं, विमानाचं तिकीट सरकार देतंय!"

तिथेच मी थांबायला हवं होतं. ऑफिसातला क्लार्क काही खुळा नसतो. तो उगाच एवढा टॅक्स कशाला कापेल? पण मी दमले होते, बाहेर चार जण बसले होते आणि समोर एक बाई खूश होती. ओटीपी आला, रिटर्न गेलं. बँकेने फाइल पुण्याला पाठवली.

दहा जूनला सिस्टर पुन्हा दारात. या वेळी बसायलाही तयार नाहीत.

"मॅडम, आमी चोर हाय का?"

झालं होतं असं. आदल्या आठवड्यात फॉर्म सोळा आला. सिस्टर तो घेऊन सरळ बँकेत गेल्या. कुणी मागितला नव्हता. नर्सबाईंची सवय, कागद आला की फाइलला लावायचा. पुण्याच्या साहेबांनी रिटर्न शेजारी ठेवून पाहिलं, तर रिटर्नमध्ये पगार कमी. शेरा मारला, 'उत्पन्न लपवले आहे काय?' आणि फाइल परत.

"सगळ्या ब्रँचसमोर विचारलं मला इथल्या साहेबांनी. तीस वर्षं नोकरी केली, एक सुई घरी न्हेली न्हाई." त्यांचे डोळे भरले.

मी दोन्ही कागद शेजारी धरले. तफावत एकाच रकमेची होती आणि ती एकाच तिमाहीत दिलेली दिसत होती.

"सिस्टर, यंदा वेतन आयोगाचा फरक मिळाला का?" फरक म्हणजे वाढलेल्या पगाराची मागची थकबाकी.

"न्हाई ओ. तो कुठं मिळाला? तो फंडात गेला."

मी कपाळाला हात लावला. फंड म्हणजे भविष्य निर्वाह निधी. ऑफिसने फरकाचं बिल वेगळं काढून पैसे थेट तिथे जमा केले होते. म्हणून ते पे स्लिपेत नव्हते, पासबुकात नव्हते. आपल्याकडच्या नोकरदाराला विचारा, फंडात गेलेला पैसा 'मिळाला' असं कुणीच म्हणत नाही. इन्कम टॅक्स मात्र म्हणतं. क्लार्कने टॅक्स बरोबर कापला होता. सिस्टर खोटं बोलल्या नव्हत्या. प्रश्न मीच अर्धा विचारला होता.

त्याच दुपारी रिव्हाइज्ड रिटर्न भरलं, म्हणजे दुरुस्त केलेलं. रिफंड शून्य झाला. "तिकीट गेलं," सिस्टर एवढंच म्हणाल्या.

पण नुसत्या रिटर्नने तो शेरा पुसला जाणार नव्हता. मी माझ्या लेटरहेडवर लिहिलं की ही चूक करदात्याची नसून माझी आहे, फरकाची चौकशी मी केली नाही. खाली सही आणि शिक्का. लिहिणं जिवावर आलं होतं, खोटं कशाला बोलू? जुन्नर लहान गाव आहे, असल्या गोष्टी चहाच्या टपरीवर पोचतात.

इथल्या ब्रँचचे साहेब वाचून म्हणाले, "मॅडम, एवढं कशाला लिहून देताय? रेकॉर्डला राहील हे."

"राहू द्या. त्यांच्या नावावर राहण्यापेक्षा माझ्या राहू द्या. आणि सिस्टरना तुम्ही सगळ्यांसमोर विचारलं होतं, तर आता हे पण जरा मोठ्याने सांगा."

साहेब उठले, काउंटरपाशी आले आणि खरंच सांगितलं. फाइल पुन्हा पुण्याला गेली, लोन मंजूर झालं आणि चौदा जूनला फी गेली.

तिकिटासाठी सिस्टरनी फंडातून अ‍ॅडव्हान्स काढला. तिकीट निघाल्यावर मुद्दाम ऑफिसला आल्या, डब्यात करवंदांचं लोणचं घेऊन. मी माझी फी घेतली नव्हती, तो राग काढायला.

"मॅडम, त्या फंडातले पैसे हातात आले," त्या म्हणाल्या. "आता लिवा. आता मिळाले."

जुलैत एक ग्रामसेवक आले. फार घाईत. फॉर्म सोळा हरवलाय, दुसरा यायला आठ दिवस लागतील, स्लिपांवरून भरून टाका म्हणाले. पगाराशिवाय काही मिळालं नाही, हेही न विचारता सांगून टाकलं.

"फंडात काय गेलं?" मी विचारलं.

"ते व्हय? ते कुठं मिळालंय, मॅडम?"

मी लॅपटॉप मिटला. "आठ दिवसांनी या, भाऊ."