पहिल्या ओळीतल्या काकू

“लबाड बोलून राहिला हा!”

नाटक ऐन रंगात आलं की समाजमंदिराच्या पहिल्या ओळीतून हा आवाज यायचाच. सालेकशाजवळच्या आमच्या गावात दरवर्षी दिवाळीनंतर मंडईला, म्हणजे गावच्या जत्रेला, नाटक व्हायचं. मी त्यात भावजयीची जमीन हडपणारा दीर. देवाची शपथ घेऊन “वहिनी, मले काही ठावूक नाही” म्हणायचो, आणि हाताच्या अंतरावर सतरंजीवर बसलेल्या आमच्या शेजारच्या काकू भर नाटकात मला खोटं पाडायच्या.

सगळे हसायचे. मला मात्र खरोखरचा राग यायचा. पुढचं भांडण मी असं करायचो की लहान पोरं रडायची. तुम्ही अशा खोलीत नाटक पाहिलं असेल तर तुम्हाला ठाऊक आहे, तिथे नटाचा घाम दिसतो आणि नटालाही तुमचा चेहरा दिसतो.

काकू भोळ्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशी चिवडा घेऊन घरी यायच्या आणि म्हणायच्या, “मी बोलली नसती त तुले राग कसा आला असता?”

मग एका पुढाऱ्याला कलाप्रेमाचा उमाळा आला. मोठा हॉल झाला. समाजमंदिरात रेशनची पोती गेली. हॉलमध्ये पुढे साहेबांचे सोफे, मध्ये बांबूचं कुंपण, बायका पार मागे. ज्यांनी जन्मात नाटक पाहिलं नव्हतं ते सोफ्यावर बसून मोबाईलवर बोलत होते, आणि जिच्यावाचून आमचं नाटक पुरं होत नव्हतं ती बाई कुंपणापलीकडे! आजही आठवलं की माझं डोकं फिरतं.

माझी शपथ आली. मागे काकू उभ्या राहिलेल्या दिसल्या. बिल्ला लावलेल्या एकाने त्यांना दटावून खाली बसवलं. कर्ण्यातून माझाच आवाज घुमत होता, दुसरं काही ऐकू येईना. काकू उठून गेल्या.

सकाळी मी त्यांच्या अंगणात गेलो. त्या धान वाळू घालत होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, “काल तुले आयकू आलं का?”

“नाही, काकू.”

“मंग मी कायले येऊ?”

त्या पुन्हा आल्या नाहीत. त्यांना पुढे बसवा म्हणून मी आयोजकांशी भांडलो, तर म्हणे ती बाई गडबड करते. गडबड! सोफ्यावर वाजणारे फोन यांना चालतात.

काकू जाऊन आता काही वर्षं झाली. मी अजून त्याच हॉलमध्ये तोच दीर करतो. शपथ घेतो आणि थांबतो. नंतर सोफ्यावरची मंडळी पाठ थोपटतात, “भाऊ, पॉज क्या लेते हो!”

पॉज कसला, कपाळ! मी काकूंची वाट पाहत असतो.